पोतंभर बोंडं

उन्हाळ्यात कुणी कोकम सरबताचं कौतुक सुरू केलं की माझ्या बाबांच्या कपाळावर आठ्या चढतात. "कोकम उगवते कोठी? कोकनात. आपन राह्यतो कोठी? अकोल्यात. मंग आपली अंबाडी सोडून हे कायले पाह्यजे?" हा त्यांचा रोखठोक सवाल, आणि तो पाहुण्याच्या तोंडावर टाकायला ते मागेपुढे पाहत नाहीत. त्यांचा हा तिखटपणा माझ्यात उतरला आहे असं आई म्हणते. मला ते मान्य नाही. मी त्यांच्यापेक्षा बरीच जास्त तिखट आहे.

अंबाडी आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, तुरीच्या नाहीतर कपाशीच्या कडेनं येते. पाल्याची आंबट भाजी होते, सालीचा दोर वळता येतो, आणि फूल गळून गेलं की मागे जो लालबुंद, मांसल भाग उरतो त्याला म्हणतात बोंड. ही बोंडं सोलायची, वाळवायची आणि डब्यात भरून ठेवायची. उन्हाळ्यात सकाळी भिजत घातली की दुपारी हातानं चुरायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची, मग साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. एवढंच. कोणत्याही बाटलीतल्या सरबताला असा रंग येत नाही, हे मी मुलगी म्हणून नाही, रोज ऑफिसच्या कँटीनमधलं बाटलीतलं सरबत पिणारी बाई म्हणून सांगते.

चौदा एप्रिलला आमच्या गल्लीच्या तोंडावरून मिरवणूक जाते. त्या दिवसाचं ऊन कसं असतं ते, ज्यांनी अकोल्याचा एप्रिल पाहिलेला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. बाबा घरासमोर टेबल लावतात, वर पांढरी चादर, तिच्यावर स्टीलचं मोठं पिंप, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अंबाडीचं सरबत. कागदी पेला चालत नाही. स्टीलचेच गिलास, आणि ते विसळायचं काम मी शाळेत होते तेव्हापासून माझ्याकडे आहे. आज मी पन्नाशी ओलांडली, अमरावतीला सरकारी नोकरीत माझ्या हाताखाली चार माणसं आहेत, पण चौदा एप्रिलला मी गिलास विसळणारीच.

बाबा कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत होते. फॅक्टरी बंद पडली, बाबा घरी बसले, पण टेबल काही बसलं नाही. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे. गल्लीतली पोरं त्यांना 'सरबतवाले आबा' म्हणतात. हे नाव त्यांना जिनिंगमधल्या हुद्द्यापेक्षा जास्त आवडतं. वर्षभर कुणी हाक मारली नाही तरी चालतं, एप्रिलमध्ये मारली पाहिजे.

आईचं खातं निराळं. ती काही फेकत नाही. हातात मोबाइल आल्यापासून तर विचारूच नका. त्यात पाहून पाहून तिनं जुन्या साडीच्या काठाचे बटवे केले, काडेपेट्या एकावर एक चिकटवून दागिन्यांची पेटी केली, आणि कुणाच्या तरी लग्नघरून पिस्त्यांची टरफलं गोळा करून आणली आणि माझ्यासाठी झुमके केले. मी ते घालून एकदा ऑफिसला गेले होते. दुपारपर्यंत डाव्या झुमक्याची एक पाकळी सुटून साहेबांच्या फाइलवर पडली आणि साहेबांनी झुरळ समजून फाइल खिडकीपर्यंत भिरकावली. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "आपल्या घरी कचऱ्याच्या दोन गाड्या हाय," म्हणाले, "एक महानगरपालिकेची, एक तुयी माय."

तर त्या वर्षी काय झालं ते सांगते. अंबाडीची बोंडं दरवर्षी आत्याकडून यायची. आत्या बाबांची धाकटी बहीण, खेड्यावर राहते. ती स्वतः बोंडं तोडायची, छतावर वाळवायची आणि पोत्यात भरून बसवर टाकून द्यायची. बाबांनी फोनवर फक्त "बोंडं पाठव" म्हणायचं, एवढी त्यांची भाषा ठरलेली. त्या वर्षी आत्याचे डोळे अधू झाले आणि फोन तिच्या सुनेच्या हाती गेला. सून नवीन, लग्नाला सहा महिने झालेले. बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "बोंडं पाठव, वाळलेले. दोन पोते." ती म्हणाली, "हो मामाजी." मार्च लागता लागता दोन पोती आली. बाबांनी ती न सोडता माळ्यावर ठेवली आणि महिनाभर गल्लीत सांगत फिरले की माल आला.

बारा एप्रिलला रजा टाकून मी अमरावतीहून अकोल्याला आले. संध्याकाळी बाबांनी पहिलं पोतं खाली घेतलं. सुतळी कापणं हा त्यांचा मानाचा कार्यक्रम असतो. आम्ही दोघींनी समोर उभं राहायचं, त्यांनी विळीवर सुतळी कापायची आणि पहिली मूठ आमच्या नाकाजवळ धरायची. त्यांनी सुतळी कापली, मूठ भरली, आणि वर काढून पाहिली.

मुठीत कपाशीची बोंडं होती. म्हणजे कापूस वेचून घेतल्यावर पऱ्हाटीवर उरतात ती कडक, तपकिरी, चार-पाच टोकांची टरफलं. एखाद्याला अजून कापसाची शेंडी चिकटलेली.

आमच्याकडे बोंड म्हटलं की दोन गोष्टी होतात, अंबाडीचं आणि कपाशीचं, आणि कोणतं ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतं. आत्या समजून घ्यायची. बाबांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, तळापर्यंत चाचपलं. दुसरं पोतं सोडलं, त्यातही तेच. मग ते पोत्याशेजारी जमिनीवरच बसले. "चायीस साल कापसानं पिच्छा पुरवला," ते म्हणाले, "आता पत्ता शोधत घरी आला."

मी हसले. मला हसायला नको होतं, पण माझं हसू माझ्या हातात नसतं.

बाबांनी सुनेला फोन लावला. ती बिचारी उलट खुशीत होती. "मामाजी, तुमीच तं म्हटलं बोंडं. मले वाटलं मामीले फुलं कराले पाह्यजे. मामी मोबाइलवर टाकतात ना, कायकाय बनवतात थे. एकएक निवडून पाठोलं, एकबी फुटकं नाई. अजून लागले तं सांगजा." बाबांनी फोन ठेवला आणि आईकडे असं पाहिलं की जणू पोती आईनंच गावात जाऊन भरून आणली.

आईचं मात्र पोत्यांवरून लक्ष हलेना. एक बोंड तिनं उचललं, उलटं केलं, देठाकडून पाहिलं. "अजी, हे तं अस्सल फूल हाय," ती म्हणाली. "रंग लावला का झालं." तासाभरात तिनं खिडक्यांच्या ऑइलपेंटचा उरलेला निळा डबा शोधून काढला, पांढरा शेजारणीकडून आणला, आणि वर्तमानपत्र अंथरून बसली. निळं बोंड, पांढरं बोंड, मधे मणी. मागे सेफ्टी पिन चिकटवली की बिल्ला, बक्कल चिकटवलं की केसात लावायचं फूल, सुतळीत ओवलं की तोरण. मलाही बसवलं. रंग नखात गेला तो मला आठवडाभर ऑफिसात लपवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच बाबा अंबाडी शोधायला बाजारात गेले. कुठे मिळाली नाही. एका चकचकीत दुकानात म्हणे कागदी खोक्यात अंबाडीचीच दहा-बारा फुलं होती, विलायती चहाची. "मले मिरवनूक पाजाची हाय, अंगठाभर चहा नाही पाजाचा," असं दुकानदाराला सांगून ते परत आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपल्या झोपल्या म्हणाले, "यंदा टेबल नाही लावत."

आई म्हणाली, "लिंबाचं करा न."

"लिंबाचं कोनीबी करते."

तिनं मला डोळ्यानं स्वयंपाकघरात बोलावलं, आणि तिथे आम्ही दोघींनी जे ठरवलं त्यात पुढाकार माझा होता हे मी आधीच कबूल करते. मी बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं की माझ्या ऑफिसातल्या बाईंच्या घरी अंबाडी आहे, त्यांनी अमरावतीच्या बसवर टाकली आहे, मी स्टँडवरून घेऊन येते. पिशवी घेऊन निघाले. स्टँडसमोर रसवंतीवर बसून आरामात उसाचा रस प्याले, कारण बस यायला वेळ लागतो. मग किराण्यातून चिंच आणि वाळलेला आवळा घेतला, भाजीवालीकडून बीट घेतलं, आणि पिशवी छातीशी धरून घरी आले. जणू आत कुणाचं बाळ आहे.

बाबांना स्वयंपाकघराकडे फिरकू द्यायचं नव्हतं. आईनं गॅसवर उगाच पाणी उकळत ठेवलं आणि "आत लय गरम हाय, तुमी बाहीरच बसा" असा दम दिला. चिंचेचा कोळ आंबटपणासाठी, उकळलेल्या बिटाचं पाणी रंगासाठी. आवळा एवढ्याचसाठी की अंबाडी प्याल्यावर जिभेला मागून किंचित तुरट लागतं, ते आलं पाहिजे. काळं मीठ, जिरं, साखर. पहिल्या गंजातलं, म्हणजे मोठ्या पातेल्यातलं, चाखून पाहिलं तर इतकं जमलं होतं की मला माझ्याच लबाडीचा अभिमान वाटला.

बाबांना बोलावलं. ते आले, चमचाभर घेतलं, डोळे मिटले, जीभ टाळूला लावून चटकन आवाज काढला. हेही दरवर्षीचं.

"हे हाय अंबाडी!" बाबा म्हणाले. "अमरावतीची असली तं काय झालं, अंबाडी थे अंबाडी. तुया ऑफिसातल्या बाईले माया निरोप सांग."

ते टेबल पुसायला बाहेर गेले आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबून फ्रिजला टेकून हसले. आईपण हसली, पण तिचं हसणं लवकर संपलं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या गंजात चिंचेचा कोळ, बिटाचं पाणी आणि मीठ पडलं होतं, साखर अजून घातली नव्हती, आणि आई साखर आणायला शेजारी गेली होती. तेवढ्यात बाबा परत आले. आता त्यांना उत्साह आला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी त्या गंजात चमचा बुडवला, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, चटकन आवाज काढला.

"साखर बराबर पडली," म्हणाले.

मला वाटलं, पकडले गेले. माणसाला सगळं समजलं आहे आणि आता हा माझी फिरकी घेतो आहे. मी हसायला तोंड उघडलं. बाबांचा चेहरा मात्र साफ सरळ. त्यांनी अजून एक चमचा घेतला, मान डोलावली आणि गेले. मी तोच चमचा तोंडात घातला आणि माझे दात करकरले, डोळ्यांत पाणी आलं. एवढं आंबट आणि खारट माणूस गंमत म्हणूनही दोनदा खाऊ शकत नाही.

आई आली तेव्हा मी तशीच उभी होते. माझं तोंड पाहून तिला समजलं. तिनं साखरेचा डबा खाली ठेवला, माझ्या दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं आणि धुण्याच्या दगडावर बसवलं.

"कोरोनापासून," ती म्हणाली. "वास गेला, चव गेली. बाकीच्याइची वापस आली, त्याइची आलीच नाही. मले पहिल्याच महिन्यात मालूम पडलं. त्याइले हे मालूम नाही का मले मालूम हाय."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करतीस? थे पहिल्या दिवसापासून लपवून राह्यले."

मग तिनं जे सांगितलं त्यानं मला माझीच लाज वाटली. जेवायला वाढताना ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं स्वतःशीच बोलते. "आज वांग्यात तिखट चढलं बाई." "वरणात मीठ कमीच पडलं." बाबा ते ऐकतात, घास घेतात आणि म्हणतात, "हो, तिखट झालं," किंवा "मीठ दे थोडं." म्हणजे पाहुण्यांसमोर चुकायला नको. मी दर खेपेला हे ऐकत होते आणि मला वाटत होतं की आईचा हात आता थकला, तिला रोज काहीतरी चुकतं. मागच्या दिवाळीला तर मी तिला चांगलं सुनावलं होतं की एकदा डॉक्टरला दाखव, बीपीच्या गोळ्यांनी असं विसरायला होतं. ती ऐकून घेत होती.

"मग सरबत? दोन वर्षं सरबत कसं केलं?"

"मापानं. हातानं मोजून टाकायचं, आनि मी मागून एक चमचा चाखायचा. जास्त-कमी झालं तं थे गल्लीत गेले का मी बराबर करत होती." मग ती थांबली. "पाय, त्याइले समजलं का आपल्याले मालूम हाय, तं थे टेबलाजवय उभे राहनार नाही. जिनिंग गेली तवा एक साल बोलले नाही कोनाशी. तुले आठोते ना. हे टेबल गेलं तं माया घरात भिंतीकडं तोंड करून झोपलेला मानूस राहीन. मले तो नाही पाह्यजे."

मला रडू आलं. आईला रडायला वेळ नव्हता, तिला साखर घालायची होती. आम्ही ठरवलं की उद्या सरबत अंबाडीचंच आहे, कुणी काही विचारलं तर अमरावतीच्या अंबाडीचं आहे, आणि बाबांसमोर कुणी चवीची जास्त चर्चा करू लागलं तर मी मधे घुसायचं. मधे घुसणं मला जन्मापासून येतं.

चौदा तारखेला सकाळी दहालाच डांबर मऊ झालं होतं. टेबलाच्या कडेनं आईचं निळ्या-पांढऱ्या बोंडांचं तोरण, तोरणाखाली पिंप, पिंपामागे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बाबा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आईनं तिचं ताट मांडलं होतं, बिल्ल्यांचं आणि केसात लावायच्या फुलांचं. पंधरा मिनिटांत गोंधळ असा झाला की पोरं सरबताकडे ढुंकूनही पाहेनात, सगळी बिल्ल्याच्या ताटाशी. बाबांना ते सहन होईना. "पहिले सरबत, मंग बिल्ला!" अशी त्यांनी घोषणाच सुरू केली. आई तिकडून ओरडायची, "आमी कोनावर जबरदस्ती नाही करत, बिल्ला फुकट हाय!" बाबा म्हणायचे, "सरबत काय विकत हाय का?" मिरवणुकीतले लोक हसत हसत दोन्ही घेऊन जात होते. एका पोलिसानंसुद्धा सरबत पिऊन झाल्यावर खिशाला निळं फूल लावून घेतलं.

मी गिलास विसळत होते आणि माझं अर्धं लक्ष बाबांकडे होतं. ते प्रत्येकाला गिलास देत आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत.

दुपारी बाराच्या सुमाराला काका आले. हे सख्खे काका नव्हेत, बाबांबरोबर जिनिंगमध्ये फिटर होते. या माणसानं आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं नाही. लग्नात जेवायला बसले की वाढपी त्यांच्या पंगतीतून पळ काढतात. बाबांच्या सरबताला दरवर्षी ते एकदाच मान हलवत आणि बाबा ती मान वर्षभर पुरवत. काकांनी गिलास घेतला. एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला. मी हातातला गिलास बादलीत टाकून पुढे झाले, पण टेबलाला वळसा घालून जाईपर्यंत उशीर झाला होता.

"हे अंबाडी नोय," काका म्हणाले. मोठ्यानं. आजूबाजूचे आठ-दहा लोक थांबले.

आईच्या हातातलं बक्कल ताटात पडलं. मी बाबांकडे पाहिलं. मला तेव्हा मनातून वाटलं की काकांच्या डोक्यावर पिंप उपडं करावं.

बाबांनी पळीनं पिंप ढवळलं. "नोयच," ते म्हणाले. "चिंच हाय. बीट हाय. अजून काहीतरी हाय, थे पोरीले इचार, तिनं केलं. यंदा अंबाडीच्या जागी पऱ्हाटीचे बोंडं आले. हे पाय, टेबलाले लटकून हाय." त्यांनी तोरणाचं एक बोंड टिचकीनं हलवलं. "तू हे सांग, कसं झालं?"

काकांनी दुसरा घोट घेतला. बराच वेळ लावला. "झालं तं चांगलं," ते म्हणाले, आणि गिलास पुढे केला. "अजून टाक."

लोक हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि काकांच्या खिशाला स्वतः बिल्ला लावला. आई माझ्याकडे पाहत होती आणि मी आईकडे, आणि आम्हा दोघींना काही कळत नव्हतं.

मिरवणूक पुढे गेल्यावर, तीनच्या सुमाराला, आई आत आडवी झाली. मी मागच्या अंगणात गिलास घासत बसले होते. बाबा येऊन धुण्याच्या दगडावर बसले. मी विचारलंच. माझ्या पोटात काही राहत नाही.

"फडक्यानं सांगतलं," ते म्हणाले. "काल तू सरबत गायाचं फडकं धुवून दोरीवर टाकलं. अंबाडीच्या फडक्याले साबन लागली का थे निळं पडते. दरसाली पडते. लाल असते, साबन लागली का निळं. मले थे लय आवडते, म्हनून मीच धुतो. काल पायलं तं मयकट पिवयं. म्हटलं, हे अंबाडी नोय."

"पण मग चाखलं तेव्हा..." मी बोलून गेले आणि जीभ चावली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक घासलेला गिलास उचलून उन्हात धरला, डाग पाहिला, परत ठेवला. "चाखलं तवा मले काय समजते? तुले मालूम झालं न? काल साखर नसलेलं प्यालो, थे तुयं तोंड पाहून समजलं. बिना चवीचं चालते बाई. लोकाइचे तोंडं पाह्यचे. पिनाऱ्याचं तोंड खोटं बोलत नाही."

"मग आईला सांगू? तिला..."

"तिले सांगू नोको!" ते एकदम म्हणाले, आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तिले वाटते मले समजत नाही. थे अंदरून बोलते ना, तिखट चढलं, मीठ कमी पडलं, मंग मी घास घेतो. मले बाकी सगयं गवत लागते. थे बोलते तेवढंच मले जेवन लागते. तिले समजलं का मले समजलं, तं थे बोलनं बंद करन."

ते उठून गेले. मी बराच वेळ एकच गिलास घासत होते.

दुसऱ्या दिवशी मला तीनच्या बसनं अमरावतीला परतायचं होतं. दुपारी आईनं पाटवडीची रस्सा भाजी आणि भाकरी केली. आदल्या दिवशी बिल्ल्यांसाठी पोरांवर ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता. सकाळपासून ती हातवाऱ्यांनीच काम भागवत होती. तिनं बाबांना वाढलं, मला वाढलं, आणि तवा उतरवायला आत गेली. आतून काहीच आवाज आला नाही.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि हातातच धरून ठेवला. दाराकडे पाहिलं. भाकरी मऊ होऊन रस्सा बोटांवर ओघळायला लागला तरी त्यांनी घास तोंडात घातला नाही.

"आई," मी मोठ्यानं म्हटलं, "भाजीत मीठ कमी पडलं गं!"

बाबांनी घास घेतला. "हो," म्हणाले, "अयनीच हाय. मीठ दे."

आई उलथणं हातात घेऊन दारात आली. आधी माझ्या ताटाकडे पाहिलं. माझ्या भाकरीला अजून हातही लागलेला नव्हता. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिनं मिठाची वाटी बाबांच्या ताटाशी सरकवली. बाबांनी चांगलं चिमूटभर मीठ घेतलं, रश्शात कालवलं, दुसरा घास खाल्ला आणि म्हणाले, "आता जमलं."

मग मी माझा घास घेतला. मीठ आधीच अगदी बरोबर होतं. मी खाली मान घालून जेवत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर मला रडू आवरलं नसतं, आणि त्या दोघांना त्याचं कारण वेगवेगळं सांगावं लागलं असतं.